दोन रात्री, एक अंगठी

काकू : तू ह्यांचं काही ऐकू नकोस. रात्री काय होतं ते मला विचार. झोपणारे हे, जागणारी मी.

दुकानदार : दोघांचंही ऐकते, काकू. आधी अंगठी द्या. दोन रात्री वापरून बघायला नेली होती ना तुम्ही?

काका : ही घे. डबीत घालून आणलीय. आणि ही माझी वही.

दुकानदार : वही कशाला, काका?

काका : तक्रार आहे. लेखी.

काकू : अहो, ती बिचारी ऑक्सिजन मोजायची यंत्रं विकते. तिच्यापुढे कसली तक्रार मांडताय?

काका : तटस्थ माणूस पाहिजे म्हणून. हे बघ मुली, सव्वीस वर्षं मी लोकांना गाडी शिकवतोय. शेजारी बसायचं, पाय आपल्या बाजूच्या ब्रेकवर ठेवायचा आणि मांडीवर वही. शिकणारा जिथे चुकला तिथे वेळ टाकायची आणि चूक लिहायची. तास संपला की दाखवायची. मग 'मी असं केलंच नाही' म्हणायची सोय राहत नाही. त्याच पद्धतीनं दोन रात्री हिच्या चुका टिपल्यात. वाचतो. 'दोन वाजून दहा मिनिटं. कोपर, बरगडीत. विनाकारण.' 'दोन पन्नास. कोपर, जोरात. विनाकारण.'

काकू : विनाकारण म्हणे. खिडकीची काच थरथरते ह्यांच्या घोरण्यानं. मी दचकून उठते आणि बघते तर हे तोंड उघडं टाकून चालू. मग कोपर नाही मारायचा तर काय आरती ओवाळायची?

दुकानदार : काकू, बसा ना. मागच्या वेळी घाईत होतात. घोरण्याचं कळलं, पण मोजायचं कसं काय ठरलं?

काकू : अगं, गेल्या महिन्यात हे चालत्या गाडीत झोपले.

काका : चालत्या नाही. सिग्नलला.

काकू : सिग्नल सुटला तरी झोपलेलेच होते. शिकणाऱ्या बाई दातांच्या डॉक्टर. त्यांनी गाडी बाजूला घेतली, हँडब्रेक ओढला, मागचे दिवे चालू केले आणि मग ह्यांना हलवलं.

काका : तिन्ही गोष्टी बरोबर केल्या. म्हणजे शिकवण्यात खोट नाही.

काकू : बघ, असे आहेत. त्या बाईंनीच मला फोन केला. म्हणाल्या, घोरणाऱ्यांचा रात्री श्वास अडतो, रक्तातला ऑक्सिजन खाली जातो, मग दिवसा पेंग येते. एकदा घरी मोजून तर बघा. तेव्हापासून मला अन्न गोड लागत नाही. ह्यांच्या गाडीच्या रस्त्यावर शाळा आहे. ब्रेकवर पाय आणि डोळा लागलेला, म्हणजे काय होईल सांग.

काका : आता मात्र मी गप्प बसतो. ह्या मुद्द्यावर ती बरोबर आहे.

दुकानदार : बरं. अंगठी कॉम्प्युटरला जोडलीय. दोन रात्रींची नोंद उतरायला पाच मिनिटं लागतील. तोवर दुसरी यंत्रंही बघून घ्या. हा चिमटा. बोटाला लावायचा, लगेच आकडा दिसतो. जागेपणी ठीक आहे, पण कूस बदलली की निसटतो आणि रात्रभराचं काही लक्षात ठेवत नाही. हे मनगटाला बांधायचं, ह्याची वायर बोटापर्यंत जाते. आकडा चांगला देतं.

काकू : हा पट्टा कोणी शिवलाय? कडेची शिलाई बघ, आत्ताच उसवायला लागलीय.

दुकानदार : तो बदलून मिळतो, काकू.

काकू : बदलून का, माझ्याकडे दे. दोन टिपा मारून देते. फुकट.

काका : हिला दुकानात आणू नये ते ह्याच्यासाठी. मागे चष्मा घ्यायला गेलो, तर ही तिथल्या पडद्यांना अस्तर लावायला निघाली होती.

दुकानदार : आणि तिसरी, तुम्ही नेलेली ही अंगठी. रात्रभर आकडे टिपत राहते. आकडा खाली गेला की थरथरतेही, पण तुम्हाला देताना मी ते बंद करून दिलं होतं. आली बघा नोंद. कालची रात्र… कालची चांगली आहे. एकदाही त्र्याण्णवच्या खाली नाही. आणि परवाची…

काकू : परवाची काय?

दुकानदार : थांबा हं. काका, परवा झोप कशी होती?

काका : वहीत आहे. सात वेळा उठवलं.

दुकानदार : परवाचा आकडा बऱ्याचदा खाली घसरलाय. एकदा तर एक्याऐंशीपर्यंत.

काकू : एक्याऐंशी म्हणजे? किती हवा?

दुकानदार : साधारण पंच्याण्णव, शहाण्णव. झोपेत थोडा इकडेतिकडे होतो. पण एक्याऐंशी बरा नाही.

काकू : मी म्हणत नव्हते? अहो, तुम्ही आधी बसा. त्या स्टुलावर बसा. शर्टाचं वरचं बटण काढा. मुली, पंखा जरा इकडे वळव ह्यांच्याकडे.

काका : बसतो. बटणही काढतो. पण परवा अंगठी माझ्या बोटात नव्हतीच.

काकू : काहीतरी बोलू नका.

काका : परवा तू म्हणालीस, आज राहू दे, अजून चार्ज व्हायचीय, उद्या घाला. मी फक्त काल घातली.

दुकानदार : मग परवाची नोंद कोणाची? … काकू?

काकू : घातली होती मी. एक रात्र. तो आकडा ऐकला आणि तेच डोक्यातून गेलं. त्यात एवढं काय बघताय दोघं माझ्याकडे?

काका : तू कशाला घातलीस?

काकू : कशाला म्हणजे? पोरांचे गणवेश शिवते मी. शिवलेल्या प्रत्येक बाहीत आधी माझा हात घालून बघते, मग कपडा देते. एखादी टाचणी आत राहिली तर लहान पोराच्या दंडाला टोचायची. तसंच म्हटलं, ही अंगठी बोचते का, आवळते का, आधी आपण बघावं. तुमची कातडी नाजूक. घड्याळाच्या पट्ट्यानंसुद्धा पुरळ येतं तुम्हाला. पहिल्याच रात्री बोचली असती तर दुसऱ्या रात्री घातली असतीत तुम्ही?

काका : नसती घातली.

काकू : मग?

दुकानदार : म्हणजे हे एक्याऐंशी…

काकू : ते यंत्राचं चुकलंय. माप ह्यांच्या बोटाचं. माझ्या बोटात फिरत होती, म्हणून अंगठ्यात घातली होती मी. ढगळ कपड्यात कधी माप बरोबर कळतं का?

दुकानदार : ते खरंय. अंगठी सैल असली तर आकडे चुकू शकतात.

काकू : झालं तर. संपला विषय.

दुकानदार : संपला नाही, काकू. हा चिमटा लावून बघू. तर्जनी द्या.

काकू : ती नको. सुईनं घट्टा पडलाय तिथे. मधलं घे. … किती?

दुकानदार : सत्त्याण्णव.

काकू : बघा. पैकीच्या पैकी मिळत नाहीत म्हणून सत्त्याण्णव. चला, आता ह्यांचं काय ते बघ.

दुकानदार : हा जागेपणीचा आकडा झाला. जागेपणी बऱ्याच जणांचा चांगलाच असतो. झोपेतलं ह्यावरून नाही कळत.

काका : मुली, एक कर. परवा तो आकडा कधी कधी पडला, त्या वेळा दिसतात का तिथे?

दुकानदार : मिनिटामिनिटाचं दिसतं.

काका : पहिली वेळ सांग.

दुकानदार : दोन वाजून नऊ मिनिटं.

काका : दोन दहा. कोपर, बरगडीत.

दुकानदार : दुसरी, दोन एकोणपन्नास.

काका : दोन पन्नास. कोपर, जोरात.

काकू : अहो, मिटा ती वही.

काका : थांब जरा. पुढे?

दुकानदार : तीन पंचवीस. एक्याऐंशी ते हेच.

काका : तीन सव्वीस. 'कोपर नाही. हातानं ढकललं. पलंगाच्या कडेपर्यंत गेलो.' असं लिहिलंय.

दुकानदार : चार वाजून दोन.

काका : चार दोन. बरोबर चार दोन. घड्याळ समोरच आहे भिंतीवर, हिरव्या आकड्यांचं.

दुकानदार : अजून तीन आहेत.

काका : माझ्याकडेही तीनच आहेत. बरं, आता कालचं बघ. काल अंगठी माझ्या बोटात होती. एक चाळीसला कोपर आहे. माझा आकडा किती?

दुकानदार : एक चाळीसला… पंच्याण्णव.

काका : दोन वीस?

दुकानदार : शहाण्णव. तुमची रेघ सरळ आहे, काका. कोपर बसल्यावर हललात तेवढी खूण दिसते, बाकी काही नाही.

काकू : मला कोणी सांगेल का काय चाललंय? दोघं मिळून पाढे म्हणताय नुसते.

दुकानदार : सांगते. मी डॉक्टर नाही, हे आधी लक्षात घ्या. पण इथे रोज असे लोक येतात, म्हणून थोडं कळतं. झोपेत श्वास अडला की अंगच माणसाला दचकवून जागं करतं. कशानं जाग आली ते त्याला कळत नाही. श्वास तर तोवर सुरू झालेला असतो. मग अंधारात कानावर जे पडेल, त्यानंच उठवलं असं वाटतं.

काकू : आणि माझ्या कानावर हे पडतात.

दुकानदार : हो.

काकू : म्हणजे ह्यांनी मला उठवलंच नाही?

दुकानदार : बहुतेक नाही. आधी तुम्ही उठता. मग काकांना उठवता.

काका : सात वेळा.

दुकानदार : आणि मग काकांना दुसऱ्या दिवशी सिग्नलला झोप लागते. काका, तरी तुम्हीही दाखवून घ्या एकदा. घोरणं ही दुर्लक्ष करायची गोष्ट नाही. पण आधी काकू.

काकू : मी घोरते का हो?

काका : नाही. अजिबात नाही. तुझा आवाजच येत नाही. म्हणून तर कळलं नाही कुणाला.

दुकानदार : काकू, सकाळी उठल्यावर डोकं दुखतं का?

काकू : ठणकतं. तीन वर्षं झाली. ह्यांच्यामुळे. म्हणजे… मी तरी तसंच सांगत आलेय सगळ्यांना. ह्यांच्या बहिणीलासुद्धा सांगितलंय. ती ह्यांना बोललीही त्यावरून.

काका : बोलली? दोन दिवाणखाने ऐकतील एवढं बोलली. ह्याची दुरुस्ती छापून यायला हवी.

दुकानदार : दिवसा पेंग येते?

काकू : मशीनवर येते कधी कधी. परवा एका शर्टाला दोन्ही बाह्या उजव्याच लावल्या. उसवून परत केल्या. मला वाटलं, वय झालं.

काका : हे तू मला का नाही सांगितलंस?

काकू : तुम्हाला सांगून काय, वहीत लिहिलं असतंत.

काका : … ते एक आहेच.

काकू : आता असे तोंड पाडून बसू नका. मला काही झालेलं नाही. मुली, आपण ह्यांच्यासाठी आलोय ना, तर ह्यांच्यासाठीच एक अंगठी दे. ह्यांची रेघ सरळ आहे, चांगलं झालं, सरळच राहू दे. माझ्याकडे एकशे साठ शर्ट पडलेत. शाळा उघडायच्या आत द्यायचेत. माझं नंतर बघू.

काका : माझ्यासाठी नकोय. हिच्या मापाची दाखव.

काकू : अहो…

काका : सव्वीस वर्षांत कुणी चुकीच्या गिअरमध्ये गाडी दामटायला लागलं तर मी हात धरून गिअर बदललाय. आता तुझा धरतो. मुली, ज्याचा आवाज सगळ्यात मोठा असेल ते दे. तिचा आकडा जरा खाली आला की भोंगा वाजला पाहिजे. शेजारच्या इमारतीतले उठले तरी चालतील.

दुकानदार : नको, काका. तसं केलंत तर काकूंना रात्रभर झोपच मिळणार नाही. यंत्र श्वास दुरुस्त करत नाही, फक्त लिहून ठेवतं. सध्या डॉक्टरांना तेवढंच हवं. अंगठी मापाची हवी, म्हणजे आकड्यांवर भरवसा ठेवता येईल. अजून काही रात्रींची नोंद झाली की चांगलं. पण डॉक्टरांकडे जायला तेवढं थांबू नका. परवाची नोंद मी छापून देते, आकडा खाली गेलाय त्या वेळांवर खुणा करून. ते मग झोपेची नीट तपासणी सांगतील.

काका : आणि त्यावर उपाय असतो?

दुकानदार : असतो. आमच्या गिऱ्हाइकांतले कितीतरी लोक आता शांत झोपतात. काकू, हात द्या. माप घेते.

काकू : कर काय करायचं ते. ही मापाची कडी छोटी आहे. पुढची बघ. … गंमत आहे. दिवसभर मी लोकांची मापं घेते. गळा, छाती, दंड. माझं माप कधी कुणी घेतलं, आठवत नाही.

काका : लग्नात घेतलं असेल.

काकू : तेव्हाही मीच घेतलं. तुमच्या आईच्या टेपनं.

दुकानदार : ही बसली. फिरते का? जोरात मूठ आवळा.

काकू : नाही फिरत. बोचत पण नाही.

दुकानदार : एक विचारायचं राहिलं. ह्या कॉम्प्युटरमध्ये दोन्ही रात्री काकांच्याच नावावर पडल्यात. डॉक्टरांचा गोंधळ नको, म्हणून तुमची रात्र तुमच्या नावावर करते.

काकू : कर. लग्नाला तीस वर्षं झाली. एक रात्र तरी वेगळी काढून मिळतेय.

काका : ह्या मुलीसमोर तरी…

काकू : तिचं लग्न ठरलंय. बोटात साखरपुड्याची अंगठी दिसत नाही तुम्हाला? ऐकू दे तिला, पुढे उपयोगी पडेल.

दुकानदार : काकू, मी सगळं टिपून ठेवतेय.

काका : तूही वही घाल.

काकू : चला आता. अंगठी घेतली, हौस फिटली. डॉक्टरकडे मात्र पुढच्या महिन्यात. शर्ट झाल्याशिवाय मी हलणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवते.

काका : उद्या सकाळी जायचं.

काकू : पुढच्या महिन्यात.

काका : उद्या.

काकू : उद्या तुमचे तास आहेत. सव्वीस वर्षांत ताप अंगात असताना तास सोडला नाहीत, ते उद्या सोडणार आहात होय? उगाच बोलायला काय जातं?

काका : मी एक फोन करून येतो.

(काका दाराबाहेर जाऊन फोन लावतात. दार उघडंच राहतं, आणि काकांचा आवाज मोठा आहे.)

काका : हॅलो. ऐक, उद्या सकाळचे माझे दोन्ही तास तू घे. … नाही, गाडीला काही झालेलं नाही. … मलाही नाही. हिला डॉक्टरकडे न्यायचंय. … रात्री श्वास अडतो तिचा. … हो, रोज असणार. आणि मी शेजारी पडून तिच्या चुका लिहीत होतो. … हसू नकोस रे. … नाही, तसं काही नाही, उपाय आहे म्हणतात. आत्ताही तिच्यासमोर थट्टाच चाललीय माझी. पण खरं सांगू? घाबरलोय मी. तीन वाजून पंचवीस मिनिटांनी ती उठली नसती तर मी तसाच घोरत पडलो असतो. … तिला कशाला सांगू? ती लगेच म्हणेल, तुम्हीच घाबरलात तर कसं, मी जातच नाही. … येईल का ते माहीत नाही. शर्ट राहिलेत म्हणते. नाहीच आली तर मीही तास घेणार नाही, घरी तिच्या मशीनसमोर बसून राहीन. … बरं, ठेवतो. सकाळच्या मुलाला क्लच हळू सोडायला लाव, विसरतो तो.

काकू : मुली.

दुकानदार : हं, काकू?

काकू : ते आत आले की आपण काही ऐकलेलं नाही.

दुकानदार : नाही, काकू.

काकू : तो कागद नीट घडी घालून दे. डॉक्टर काही खायचं नाही वगैरे सांगतात का ग आधी?

दुकानदार : नुसतं भेटायला जाताना नाही. खाऊन जा.

काका : झालं का? काय बोलणं चाललंय दोघींचं?

काकू : काही नाही. उद्या किती वाजता निघायचं, तेच विचारत होते.